लॅटिन अमेरिकेची सातवी सभासद

जर्मनीत सात माणसं जमली की संस्था होते. सहा जमली तर नुसत्या गप्पा होतात. हा तिथला कायदाच आहे, आणि त्या कायद्यापायी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी, पुण्याची एक चांगली शिकलीसवरलेली सून, कार्ल्सरूहेमधल्या लॅटिन अमेरिकन माता-बालक मंडळाची सभासद झाले.

त्याचं असं झालं. आमचे हे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. शिष्यवृत्ती एकट्याची, तोंडं दोन. म्हणून मी आठवड्यातले तीन दिवस एका इन्स्टिट्यूटमध्ये प्रबंध टाइप करायला जात असे. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकले होते, ते असं टंकलेखनाच्या कामी आलं. आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर बोलिव्हियाचं एक जोडपं राहायचं. नवरा पुलांचं इंजिनिअरिंग शिकत होता, बायको एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, आणि त्यांना चार वर्षांची एक मुलगी होती. ही बायको माझी मैत्रीण झाली. तिचं जर्मन मोडकं, माझं व्याकरणशुद्ध पण भित्रं. दोघी मिळून आमचं एक धड जर्मन होत असे.

गावात दक्षिण अमेरिकेतले बरेच विद्यार्थी होते. कोलंबिया, चिली, पेरू. काहींची बायकामुलं बरोबर होती, आणि बायका कामाला जायच्या. जर्मन बालवाड्यांत जागा नव्हती. म्हणून ह्या मंडळींनी एका बेकरीवाल्याचं जुनं तळघर मागून घेतलं होतं. तिथे आठ मुलं सकाळभर राहायची आणि आया पाळीपाळीनं सांभाळायच्या. मला मंगळवार आणि गुरुवार मोकळे असत, म्हणून मीही पाळी घ्यायला लागले. मला हौस आहे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

हिवाळा लागला आणि बेकरीवाल्यानं कळवलं की ईस्टरपर्यंत फुकट राहा, पुढे भाडं द्या नाहीतर जागा सोडा. त्याचं चूक नव्हतं, दोन वर्षं तो गप्प बसला होता. पण विद्यार्थ्यांकडे भाडं कुठलं? कोलंबियाचा एक उंच मुलगा त्यांच्यात पुढारी होता. त्यानं शोधून काढलं की कोलोनला एक श्टिफ्टुंग आहे, म्हणजे कुणा धनिकानं मरताना ठेवून दिलेल्या पैशावर चालणारा धर्मादाय न्यास. परक्या देशातून आलेल्या कुटुंबांना मदत करतो. फक्त एक अट: मदत माणसांना नाही, नोंदणी झालेल्या संस्थेला. म्हणजे फेराइन हवी. म्हणजे सात सह्या हव्यात.

सहा झाल्या. बाकीचे शिक्षण संपवून लवकरच परतणार होते, त्यांना कागदात नाव अडकवायचं नव्हतं. एका सकाळी मैत्रीण इस्त्रीच्या वाफेनं लाल झालेले हात पुसत माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, सही कर. मी म्हटलं, अगं, मी कुठे तुमच्यातली? ती म्हणाली, कायद्यात माणूस लिहिलंय, बोलिव्हियाचा माणूस असं लिहिलेलं नाही.

केली सही. कोर्टात नोंदणीला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनानं माझी साडी पाहिली, कागद पाहिला, पुन्हा साडी पाहिली आणि विचारलं की इंडिया लॅटिन अमेरिकेत नेमकी कुठे येते. मी सांगितलं की कोलंबस आम्हालाच शोधायला निघाला होता आणि ह्यांच्या दारात जाऊन पोचला, ती चूक दुरुस्त करायला मी आले आहे. तो हसला नाही. शिक्का मात्र मारला. बाहेर आल्यावर आम्ही सातही जण ट्रामच्या थांब्यावर इतके हसलो की एक म्हातारी आमच्यापासून लांब जाऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला होता! परक्या गावात वर्ष काढलं की आपण कुठल्याच यादीत नसतो. मी एका यादीत आले होते.

पण हसण्यामागे एक गोष्ट होती, ती आम्हा दोघींनाच ठाऊक होती. जागा गेली तर मैत्रीण आपली मुलगी परत पाठवणार होती. एप्रिलमध्ये त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब हाम्बुर्गहून बोटीनं मायदेशी निघणार होतं. त्यांच्याबरोबर कोचाबांबाला, आजीकडे. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "आजीजवळ सुखात राहील गं ती." बोलले आणि जीभ चावली. हेच वाक्य मला कुणीतरी ऐकवलं होतं, आणि ते ऐकून मला काय वाटलं होतं हे मला पक्कं आठवत होतं.

अर्ज मी टाइप केला. तीन वेळा केला, कारण प्रत्येक वेळी पुढाऱ्याला एखादं जास्त भव्य विशेषण सुचायचं. मी ती काढत गेले. महिन्याभरात उत्तर आलं: शनिवारी दुपारी तीन वाजता श्टिफ्टुंगच्या बाई स्वतः जागा पाहायला येतील.

आता जे झालं त्याला जबाबदार मीच. दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? मला दाखवायचा कार्यक्रम होता तेव्हा आमच्या दोन खोल्यांत शेजारच्या काकूंच्या कपबश्या, समोरच्यांच्या खुर्च्या आणि माडीवरच्यांची सतरंजी आली होती. सासूबाईंनी सतरंजीचं कौतुक केलं तेव्हा आईनं मान डोलावली, अगदी आजेसासऱ्यांपासून घरात असल्यासारखी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मंडळाच्या बैठकीत हे सगळं रंगवून सांगितलं. वाटलं होतं, हसतील. कोणी हसलं नाही. उलट पेरूची एक बाई म्हणाली की तिच्या गावी पाद्री जेवायला येणार म्हटल्यावर आख्खी गल्ली एकाच घरात टेबलखुर्च्या आणून टाकते. चिलीवाल्यानं सांगितलं की त्याची आई फक्त अशा दिवशी लावायला म्हणून पडदे जपून ठेवते. बघता बघता सगळ्यांचे डोळे चमकायला लागले. जगाच्या दोन टोकांना आम्ही एकच खोटेपणा शिकून मोठे झालो होतो.

आणि मग काय विचारता. चिलीवाल्यानं घरमालकिणीचा गालिचा खांद्यावर टाकून आणला. पुढाऱ्यानं रेडिओ आणला. खोली तापवायला तीन घरांतून विजेवर चालणाऱ्या तीन शेगड्या आल्या, पुरुषांनी दोन दिवस खपून भिंतींना चुना दिला. माझ्या घरातले पडदे गेले, सोनेरी कडेच्या सहा कपबश्या गेल्या. हे पाहत होते. "अहो, चहाला एक पेला ठेवलाय," मी म्हटलं. "दोघांत?" ह्यांनी विचारलं आणि खिडकीतून समोरच्या घराकडे बघत बसले, कारण आता समोरचं घरही आमच्याकडे बघत होतं.

खाण्याचं आम्हा दोघींकडे होतं. ती एम्पानादा करणार होती. मी तिच्या शेजारी करंज्या करायला बसले आणि दहा मिनिटांत आम्ही एकमेकींच्या ताटाकडे पाहून थबकलो. तिची पारी, माझी पारी. तिचं सारण मांसाचं आणि तिखट, माझं रव्याचं आणि बदामाचं, पण आकार तोच, आणि कडेला बोटांनी घातलेली मुरडसुद्धा तीच! तिची मुरड माझ्यापेक्षा बारीक होती. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

शनिवारी ठीक तीनला बाई आल्या. साठीच्या, करडा कोट, सपाट बूट, हातात वही. आम्ही त्यांना उबदार, पांढऱ्याशुभ्र खोलीत गालिच्यावर बसवलं. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत उभी होती. रेडिओवर हलकं संगीत चालू होतं. बाईंनी करंजी खाल्ली, एम्पानादा खाल्ली, चहाच्या कपाची सोनेरी कड बोटानं पाहिली आणि म्हणाल्या, "व्हुंडरशोन." फारच सुंदर. त्या गेल्यावर पुढाऱ्यानं मला उचलायचंच बाकी ठेवलं. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

दहा दिवसांनी पत्र आलं. ते मीच मोठ्यानं वाचून दाखवत होते, म्हणून मला मध्ये थांबताही येईना. बाईंनी आमचं मनापासून अभिनंदन केलं होतं. इतक्या कमी काळात स्वतःच्या बळावर मंडळानं इतकी नीटनेटकी, उबदार, सुसज्ज जागा उभी केली हे पाहून त्यांना आदर वाटला होता. श्टिफ्टुंगची मदत मात्र ज्या मुलांना अशी जागा नाही त्यांच्यासाठी राखलेली असल्यानं, खेद वाटतो.

चिलीवाला हसायला लागला, आणि पेरूची बाई त्याच्यावर ओरडली. मैत्रीण उठून गेली. संध्याकाळी तिच्याकडे डोकावले तर ती खाटेवर मुलीचे कपडे पसरून बसली होती आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं मुलीचं नाव घालत होती. परकर, मोजे, टोपीसुद्धा. "बोटीवर हरवतात," एवढंच ती म्हणाली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

मला राग आला. आधी त्या बाईंचा: डोळे आहेत की बटणं? गालिच्याखाली फरशी फुटलेली दिसली नाही? मग पुढाऱ्याचा, मग चिलीवाल्याच्या घरमालकिणीच्या गालिच्याचा. जिना चढून वर येईपर्यंत राग फिरत फिरत जिथे यायला हवा होता तिथे आला. सतरंजीची गोष्ट कोणी सांगितली होती? मी टंकयंत्र पुढे ओढलं.

मी लिहिलं की गालिचा अमुक घरमालकिणीचा आहे आणि त्याच दिवशी परत गेला. शेगड्या तीन घरांतल्या आहेत आणि त्या दिवशी त्या तीन घरांतली माणसं कोट घालून बसली होती. पडदे माझे. कपबश्या माझ्या, सहाच आहेत, म्हणून आम्ही कोणी चहा घेतला नाही. तळघरातल्या कोळशाच्या ज्या भट्टीपाशी मुलं रोज ऊब घेत बसतात ती धूर ओकते, म्हणून ती पडद्यामागे लपवली होती. आमच्यापैकी कोणाचाही फसवण्याचा इरादा नव्हता. आमच्या देशांत पाहुण्याला गरिबी दाखवणं हा पाहुण्याचा अपमान समजतात. तुमच्याकडे ती दाखवावी लागते हे आम्हाला माहीत नव्हतं.

शेवटचं वाक्य वाचून हे म्हणाले की जरा तिखट झालंय. मी म्हटलं, असू द्या, एम्पानादा त्यांना आवडली होती.

पुढाऱ्याला मात्र हे पत्र जाऊ द्यायचं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या त्याच्या. आता काय दारोदार फाटके कपडे दाखवत हिंडायचं, असं त्यानं विचारलं. मी त्याला खाली नेलं आणि लाल दोऱ्याचे कपडे दाखवले. तो बराच वेळ एक मोजा हातात धरून उभा राहिला. मग त्यानं सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: रेडिओ माझा आहे.

तीन आठवडे काही नाही. मार्च लागला. मैत्रिणीचे कपडे संपले, आता ती टॉवेलांवर नाव घालत होती.

त्यानंतरच्या मंगळवारी माझी पाळी होती. सकाळपासून भट्टी रुसलेली. सहावारी साडीवर स्वेटर, त्यावर ह्यांचा लांब कोट, पायांत लोकरीचे मोजे, आणि तोंडाला काजळी, असा माझा अवतार होता. आठही मुलं कोट-टोप्यांसकट बाकावर चिकटून बसली होती आणि मी त्यांना ऊब यावी म्हणून टाळ्या वाजवत फुगडीसारखं काहीतरी शिकवत होते. दार वाजलं. दारात करडा कोट.

बाई न कळवता आल्या होत्या. जर्मनीत न कळवता कोणी यमाच्या घरीही जात नाही, त्यामुळे मला क्षणभर खरंच वाटेना. घरात काही गोड नाही, हा माझा पहिला विचार. आता बोला!

त्यांनी कोट काढला, एक मिनिट थांबल्या, आणि परत घातला. बेकरीचा एक रिकामा खोका उलटा करून त्यावर बसल्या. धुरानं त्यांना ठसका लागला. वही उघडून त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. इथे कोण येतं, आया कुठे काम करतात, मुलं काय खातात, ईस्टरनंतर काय. मैत्रिणीच्या मुलीचं बोटीचं सांगितलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं, त्या मुलीला शोधलं, आणि पुन्हा लिहायला लागल्या. मग सहज, पुढचा प्रश्न म्हणून, त्यांनी विचारलं:

"आणि ह्यांतलं तुमचं कुठलं?"

मी म्हटलं, "ह्यांत नाही. माझी मुलगी पुण्याला आहे."

हे मी जर्मनीत कोणालाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणीलासुद्धा नाही. हिला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांची सांभाळते, असं मंडळात सगळे समजत आणि मी समजू देत होते. सहा महिन्यांत घेऊन जाऊ, असं म्हणून आम्ही तिला सासूबाईंजवळ ठेवली होती. आजीजवळ सुखात राहील, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि राहतही होती. शेवटच्या पत्रात त्यांनी कौतुकानं लिहिलं होतं की आता ती तुमची आठवणही काढत नाही.

बाईंनी विचारलं, किती दिवस झाले. एक वर्ष आणि सात महिने, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, मग आणली का नाहीत.

"मी कामाला जाते तेव्हा तिला ठेवू कुठे?" मी म्हटलं. "इथे?"

आम्ही दोघींनी भट्टीकडे पाहिलं. मी रडले. सरळ सांगते, आठ मुलांसमोर, काजळी पुसत रडले. बाईंनी माझं सांत्वन केलं नाही. त्या उठल्या, एका पोराच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं, वही मिटली, आणि विचारलं की मुलं एकूण किती. आठ, मी म्हटलं. "आल्झो," म्हणाल्या, म्हणजे आपलं "बरं तर मग", आणि गेल्या.

मला खात्रीच झाली की मी सगळं घालवलं. लॅटिन अमेरिकेचं काम घेऊन बसले आणि आपलं रडगाणं गायले.

बोटीला पंधरा दिवस राहिले असताना जाड लिफाफा आला. ह्या वेळी बेकरीच्या अंगणात सगळे जमले, आणि मी आधीच सांगितलं की मी वाचणार नाही. पुढाऱ्यानं वाचलं. तीन वर्षांचं भाडं. नवी भट्टी. फरशीची दुरुस्ती. सकाळच्या वेळेसाठी एक शिकलेली बालवाडी शिक्षिका. पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही! चिलीवाल्यानं टोपी उडवली ती बेकरीच्या पत्र्यावर जाऊन पडली, पेरूच्या बाईनं बेकरीवाल्यालाच मिठी मारली, आणि तो पिठानं भरलेले हात वर करून, जा जा, हो हो, म्हणत उभा राहिला. मी, साडी खोचून, त्या अंगणात मैत्रिणीचे हात धरून खरीखुरी फुगडी घातली. तिला येत नव्हती, पण ती इतक्या जोरात फिरली की मलाच चक्कर आली.

आम्ही थांबलो तेव्हा पुढारी कपाळाला आठ्या घालून कागद पाहत होता. टंकलेखनाची चूक आहे, म्हणाला. मंजुरी नऊ मुलांसाठी आहे. आपण आठ लिहिली होती. जर्मन माणसं काटेकोर, नंतर भानगड नको, कळवायला हवं. मी कागद घेऊन पाहिला. आकड्यात नऊ, पुढे अक्षरांतही नऊ.

मैत्रिणीनं बोटांवर मुलं मोजली. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मी तिला तिथेच, त्या गलक्यात, दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, व्याकरण कुठल्या कुठे गेलं.

"चूक नाही," ती पुढाऱ्याला म्हणाली. "काही कळवू नकोस."

घरी येऊन पत्र ह्यांच्यापुढे ठेवलं आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. ह्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, आईला पत्र लिही, खाली मीही दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळींची दोन पानं झाली.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण वर आली. तिच्या मुलीचं जाणं रद्द झालं होतं. पण नाव घातलेले कपडे फुकट जाणार नव्हते, कारण मंजुरीच्या पत्रात पहिलाच नियम होता की प्रत्येक मुलाच्या कपड्यावर नाव हवं. तिच्या हातात मुलीचा आखूड झालेला एक लाल कोट होता आणि तोच दोरा. ती खुर्चीत बसली, कोट उलटा केला, सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "तिचं नाव काय?"

दीड वर्षाहून जास्त काळ ते नाव मी जर्मनीत कोणापुढे उच्चारलं नव्हतं. मी सांगितलं. मग तिला नीट घालता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं.